बोटांना कळणारे शास्त्र

पावसाळ्यातली एक पहाट डोळ्यांसमोर आणा. गाव चंद्रपूर जिल्ह्यातल्या कोरपना तालुक्यातले. काळ्या जमिनीत कपाशी आणि सोयाबीन उभे आहे, दक्षिणेला माणिकगडच्या डोंगररांगा ढगांत बुडाल्या आहेत. एक शेतकरी गोठ्यात जातो आणि दचकतो. रात्री दावे तोडून बैलाने ओल्या, कोवळ्या चाऱ्यावर ताव मारलेला आहे. त्याची डावी भकाळी, म्हणजे शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांमधली जागा, ढोलासारखी फुगली आहे. बैल मान लांब करून, जीभ बाहेर काढून श्वास ओढतो आहे. जोडीतला एक बैल गेला तर या हंगामाचे काय, ही चिंता शेतकऱ्याच्या तोंडावर स्पष्ट दिसते आहे.

अशा वेळी नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय कामाला येत नाही. ते सुमारे दोनशे किलोमीटर दूर आहे. दवाखान्याचे पशुवैद्यक कदाचित दुसऱ्या गावी अडलेली गाय सोडवीत असतील. सर्वांत आधी पोचतो तो बहुधा पशुधन पर्यवेक्षक किंवा दवाखान्यातला परिचर. गावातले लोक त्यालाही 'ढोरांचे डॉक्टर' म्हणूनच हाक मारतात.

तो काय करतो ते नीट पाहा. तो पुढून, हलके बोलत बैलाजवळ जातो. फुगलेल्या भागावर बोटांनी टिचकी मारतो आणि आवाज ऐकतो. डोळ्याची पापणी किंचित ओढून आतला रंग पाहतो. बैलाचे पुढचे पाय उंचवट्यावर येतील असा त्याला उभा करतो. तोंडात लगामासारखी आडवी काडी बांधतो; त्यामुळे बैल चघळत राहतो, लाळ सुटते आणि ढेकर यायला मदत होते. तेल पाजायचे ठरले तर तो बैलाचे तोंड फार वर उचलू देत नाही, बैल खोकला तर लगेच हात थांबवतो. आणि हे सारे करीत असताना श्वास किती वेगाने चालला आहे याचा हिशेब त्याच्या मनात चालू असतो. वैद्यकांना फोन करताना तो "बैल फार आजारी आहे" असे सांगत नाही; आकडे सांगतो, आणि पोट कधीपासून फुगले तेही सांगतो.

आता मला तुम्हाला एक प्रश्न विचारायचा आहे. या माणसाजवळ जे आहे, त्याला आपण विज्ञान म्हणायचे की नाही? आपल्या शाळांतून जे विज्ञान शिकविले जाते, त्यात याला किती गुण मिळतील? माझे मत असे, की हे अस्सल विज्ञान आहे. ते नीट, पद्धतशीर, देखरेखीखाली शिकविण्याची व्यवस्था आपण पुरेशी केलेली नाही, आणि तिची किंमत मुकी जनावरे व गरीब माणसे मोजतात. हे मत मी का मांडतो, ते आता सांगतो.

टिचकीमागचे पदार्थविज्ञान

गाईच्या पोटाचे चार कप्पे असतात हे तुम्ही पाठ केले आहे. त्यांतला पहिला, म्हणजे ओटीपोट, प्रौढ जनावरात शंभर लिटरहून अधिक मोठा असतो आणि शरीराच्या डाव्या बाजूला असतो. त्यात असंख्य सूक्ष्मजीव चारा आंबवितात. त्यातून कार्बन डायॉक्साइड आणि मिथेन हे वायू सतत तयार होतात व ढेकरावाटे बाहेर पडतात. ढेकर थांबली, की पोट फुगते, श्वासपटल पुढे ढकलले जाते आणि फुप्फुसांना पसरायला जागा उरत नाही. पोटफुगीने जनावर मरते ते बहुधा गुदमरून.

हे झाले पुस्तकातले ज्ञान. पण पोटफुगी दोन प्रकारची असते. एकात वायू चाऱ्याच्या वर मोकळा साचतो. दुसऱ्यात तो साबणाच्या फेसासारखा चाऱ्यात अडकून बसतो. पहिल्या प्रकारात घशातून नळी घातली की वायू बाहेर पडतो. दुसऱ्यात नळीतून फारसे काही येत नाही, आधी तेलासारख्या पदार्थाने फेस मोडावा लागतो. मोकळ्या वायूवर टिचकी मारली तर डफासारखा घुमणारा आवाज येतो. तो कान एकदा तयार झाला, की माणूस फरक ओळखू लागतो. तो कान पुस्तक वाचून तयार होत नाही. दहा निरोगी जनावरांच्या भकाळीवर बोटे वाजवावी लागतात, तेव्हा अकराव्या आजारी जनावराचा आवाज वेगळा आहे हे कळते.

आणि तेल पाजताना तोंड उंच का करायचे नाही? बांबूच्या नळीने औषध पाजण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. मान फार वर ताणली, किंवा जीभ हाताने ओढून धरली, तर जनावराला नीट गिळता येत नाही आणि औषध श्वासनलिकेत उतरते. पोटफुगीतून वाचलेला बैल मग चार दिवसांनी न्यूमोनियाने मरतो. शेतकरी म्हणतो, "औषध लागू पडले नाही." खरे तर औषध चुकीच्या नळीत गेलेले असते. औषध तेच, मात्रा तीच. हाताच्या एका चुकीने सारे फिरते.

पाच आकडे आणि एक वही

दवाखान्यात नव्याने आलेल्या मुलाने सर्वांत आधी काय शिकावे? माझे उत्तर आहे: निरोगी जनावर ओळखायला. त्यासाठी चार-पाच आकडे हाताला सवयीचे व्हावे लागतात. प्रौढ गाई-बैलांच्या शरीराचे तापमान साधारणपणे १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. नाडी मिनिटाला ५० ते ८० च्या आसपास असते; ती शेपटीच्या खालच्या बाजूला, मधोमध बोटे टेकवून मोजतात. श्वास विश्रांतीच्या वेळी मिनिटाला १५ ते ३५. डाव्या भकाळीत मूठ दाबून धरली, तर ओटीपोटाची लाट मुठीला वर ढकलते. दोन मिनिटांत अशा दोन ते चार लाटा याव्यात. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती लगेच सपाट व्हावी. तंबूसारखी उभी राहिली तर शरीरातले पाणी कमी झाले आहे असे समजावे.

यात अवघड ते काय, असे तुम्हाला वाटेल. तापमानाचेच पाहा. उष्णतामापी गुदद्वारात घालतात. नवशिक्याची नेहमीची चूक अशी, की तो उष्णतामापी सरळ आत सारतो आणि तिचे टोक शेणात रुतते. आकडा कमी येतो. ताप असलेले जनावर निरोगी ठरते. उष्णतामापी किंचित तिरपी धरून टोक आतड्याच्या भिंतीला टेकले पाहिजे, आणि पुरता वेळ तिथे राहिले पाहिजे. प्रयोगशाळेत आपण 'निरीक्षणातील त्रुटी' हा शब्द लिहितो. इथे ती त्रुटी एका गाईच्या जिवाशी गाठ घालते.

आकडा बरोबर घेतला तर तो केवढे काम करतो, याचे एक उदाहरण देतो. व्यायल्यानंतर एकदोन दिवसांत एखादी चांगली दुधाळ गाय बसते ती उठत नाही, मान पोटाकडे वळवून पडते. या रोगाला 'दुग्धज्वर' म्हणतात. नाव ज्वर, पण उष्णतामापी लावली तर तापमान नेहमीपेक्षा कमीच भरते. कान हाताला गार लागतात. कारण हा ताप नाहीच. दुधावाटे कॅल्शियम एकाएकी बाहेर गेल्याने रक्तातले त्याचे प्रमाण घटते आणि स्नायू काम करीनासे होतात. पशुवैद्यक शिरेतून कॅल्शियम देतात, आणि बसलेली गाय कित्येकदा तासाभरात उभी राहते. पाहणाऱ्याला चमत्कार वाटावा असे ते दृश्य असते. पण तेच औषध घाईने दिले तर हृदय बंद पडू शकते. म्हणून एकाने बाटली धरायची आणि दुसऱ्याने हृदयाचे ठोके ऐकत राहायचे. ठोका चुकू लागला की "थांबा" म्हणायचे, हे काम सहायकाचे. ते कान ज्याला नाहीत, तो त्या क्षणी केवळ बाटली धरणारा खांब आहे.

एका लाळेचे चार अर्थ

आता थोडे कठीण उदाहरण. एका गाईच्या तोंडातून लाळ गळते आहे. शेतकरी म्हणतो, "घशात काही अडकले असेल, हात घालून पाहा ना."

लाळ गळण्याची कारणे पुष्कळ. जिभेवर, हिरड्यांवर फोड आहेत आणि खुरांच्या बेचक्यातही जखमा आहेत, तर तो लाळ्या-खुरकूत असू शकतो. गाय कपाशीच्या शेताजवळ चरत होती, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या आहेत, अंग थरथरते आहे, तर फवारणीच्या औषधाची विषबाधा मनात यायला हवी. गाय मान ताणून गिळण्याचा प्रयत्न करते आहे आणि पोटही फुगू लागले आहे, तर खरोखरच एखादे फळ किंवा कंद अन्ननलिकेत अडकलेले असेल. पण गाईचा आवाज घोगरा झाला आहे, ती उगाच हंबरते आहे, मागचे पाय लटपटत आहेत, आणि काही आठवड्यांपूर्वी गावात पिसाळलेले कुत्रे फिरत होते, तर? तर ती लाळ रेबीजची असू शकते. रेबीजचे विषाणू लाळेत असतात. हाताला कुठे ओरखडा असेल तर तेवढी वाट त्यांना पुरते. आणि रेबीजची लक्षणे माणसात एकदा दिसू लागली, की तो जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. लक्षणे दिसण्यापूर्वी लस घेतली तर मात्र जीव वाचतो.

म्हणून चांगले शिकविलेला सहायक शेतकऱ्याच्या विनंतीवरून तोंडात हात घालीत नाही. तो आधी प्रश्न विचारतो. कधीपासून? काय खाल्ले? कुत्रे चावले होते काय? फवारणी कधी केली? कोरपना भागात हे प्रश्न मराठीबरोबर गोंडी, कोलामी किंवा तेलुगूतही विचारता आले पाहिजेत. गुराख्याची भाषा येणे हेही माझ्या मते एक वैद्यकीय कौशल्यच आहे. त्या गुराख्याने ते जनावर रोज पाहिलेले असते. निदानाचा अर्धा भाग त्याच्याजवळ असतो.

हाच नियम इतर ठिकाणी. धडधाकट जनावर एकाएकी मेले, नाकातोंडातून न गोठणारे काळपट रक्त येते आहे, तर ते फाडून पाहायचे नाही. तो फाशी रोग असू शकतो. शव उघडले, की हवेच्या संपर्काने त्याचे जंतू बीजाणू बनतात आणि जमिनीत वर्षानुवर्षे टिकतात. गाईची वार अडकली तर ती उघड्या हातांनी ओढायची नाही. गाईला ब्रुसेला जंतूंची बाधा असेल तर तो वारंवार उलटणारा ताप माणसाला जडतो. हात केव्हा घालायचा हे शिकण्याइतकेच तो केव्हा आवरायचा हेही शिकावे लागते.

ज्या हातांनी बुळकांडी घालविली

कुणी म्हणेल, ही छोटी कामे. मोठे शोध तर प्रयोगशाळेत लागतात. त्याला मी बुळकांडीची गोष्ट सांगेन.

बुळकांडी हा गुरांचा भयंकर सांसर्गिक रोग. आला की गावेच्या गावे गोठे रिकामे करून जात असे. या रोगाच्या अभ्यासासाठी १८८९ साली पुण्यात इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी सुरू झाली आणि १८९३ साली ती हिमालयातल्या मुक्तेश्वरला हलविली. तिथेच १९२० च्या दशकात जे. टी. एडवर्ड्स यांनी हा विषाणू बकऱ्यांतून पुन्हा पुन्हा वाढवून सौम्य केला आणि लस तयार केली. पुढे वॉल्टर प्लाउराइट यांनी पेशीसंवर्धनातून अधिक सुरक्षित लस बनविली. भारताने १९५४ साली देशव्यापी निर्मूलन कार्यक्रम हाती घेतला. १९९५ नंतर देशात हा रोग आढळला नाही, आणि २०११ साली बुळकांडी पृथ्वीवरून नाहीशी झाल्याचे जाहीर करण्यात आले. देवीनंतर माणसाने समूळ नष्ट केलेला हा दुसराच रोग.

पण ती लस बाटलीतून गाईच्या अंगात कोणी नेली? डोक्यावर ऊन घेत, बर्फाची पेटी सांभाळत, वाडी-वस्तीवर जाऊन एकेक जनावर धरून टोचणाऱ्या हजारो लसटोचकांनी. आफ्रिकेत तर शेवटचा टप्पा फारच अवघड होता. इथिओपियातला अफारचा प्रदेश, दक्षिण सुदान, अशा भागांत रस्ते नव्हते आणि काही ठिकाणी लढाई चालू होती. तिथे उष्णतेत टिकणारी लस वापरली, आणि भटक्या पशुपालकांमधल्याच तरुणांना टोचायला शिकवून त्यांच्या हाती सुई दिली. जिथे पदवीधर पोचू शकत नव्हते, तिथे हे शिकविलेले हात पोचले.

आपल्याकडचा अलीकडचा अनुभव २०२२ सालचा आहे. लम्पी चर्मरोगाची साथ महाराष्ट्रात पसरली आणि गोवर्गातील जनावरांना थोड्या आठवड्यांत शेळ्यांच्या देवीची लस टोचावी लागली. एका रोगाची लस दुसऱ्या रोगावर कशी, असे तुम्ही विचाराल. दोन्ही विषाणू एकमेकांचे जवळचे नातलग आहेत. १७९६ साली जेन्नरने गाईच्या देवीचा उपयोग माणसाच्या देवीवर केला, त्याच जातीची ही युक्ती. पण ती युक्ती फळाला येते केव्हा? लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहिली, सुई स्वच्छ असली, आणि लस कातडीखाली द्यायची की स्नायूत हे टोचणाऱ्याला माहीत असले, तर. चंद्रपूरच्या मे महिन्यात लसीची पेटी दुपारभर उघडी राहिली तर तुम्ही गाईला नुसते पाणी टोचता, आणि नोंदवहीत मात्र 'लसीकरण पूर्ण' असे लिहिले जाते. अशा खोट्या आकड्यासारखा घातक आकडा दुसरा नाही.

शिकण्याला वेळ लागतो

काही कौशल्ये आठवड्यात येतात, काहींना महिने लागतात. कृत्रिम रेतनाचे पाहा. वळूचे रेत बारीक कांडीत भरून द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंश सेल्सिअसला ठेवलेले असते. वापरताना कांडी ३७ अंशांच्या कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरायची. हे सोपे. पण नंतर एक हात गाईच्या गुदाशयात घालून, आतड्याच्या भिंतीतून गर्भाशयाचे मुख चाचपून धरायचे, आणि दुसऱ्या हाताने नळी त्या मुखातल्या कड्यांमधून पुढे न्यायची. रेत जिथे सोडायचे ती जागा दोन-तीन सेंटिमीटर लांबीची असते. नळी अलीकडे राहिली तर उपयोग कमी. पलीकडे गेली तर एकाच शिंगात शिरते आणि इजाही होऊ शकते. सारे न पाहता, केवळ बोटांच्या टोकांनी! शिकाऱ्याला आधी कत्तलखान्यातून आणलेल्या अवयवांवर सराव देतात, ते याचसाठी. जिवंत गाईवर चुका करून शिकणे हे गाईला दुःखाचे आणि मालकाला तोट्याचे.

याचे उत्तम उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. महात्मा गांधींच्या सांगण्यावरून उरुळीकांचनला राहिलेले मणिभाई देसाई यांनी १९६७ साली 'बाएफ' ही संस्था उभी केली. गाईला केंद्रावर आणण्याऐवजी शिकविलेल्या माणसाने मोटारसायकलवर नायट्रोजनचे भांडे घेऊन शेतकऱ्याच्या दारी जावे, ही पद्धत तिने रुजविली. १९८२ साली मणिभाईंना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या साऱ्या कामाचा पाया होता तो ग्रामीण तरुणांच्या नीट शिकविलेल्या हातांचा.

खच्चीकरणाचेही असेच. पूर्वी दगडाने ठेचीत. जनावराचे हाल पाहवत नसत. नंतर इटलीतल्या बर्डिझो यांचा चिमटा आला. तो कातडी न कापता आतली रेतवाहिनी आणि रक्तवाहिन्या दाबून बंद करतो. मात्र दोन्ही बाजू एकदम, एकाच रेषेत दाबल्या तर साऱ्या पिशवीचा रक्तपुरवठा तुटून ती सडते. म्हणून एकेक बाजू वेगळी, थोडी वरखाली दाबायची आणि मधला भाग मोकळा सोडायचा. कारण समजले की कृती विसरत नाही. हात आणि डोके असे बरोबरीने शिकावेत, एवढेच माझे म्हणणे आहे.

'अर्धवट डॉक्टर' होतील त्याचे काय?

या मतावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो खोटा नाही. चार सुया टोचायला आल्या की माणूस स्वतःला डॉक्टर समजू लागतो. कोणत्याही तापाला प्रतिजैविक टोचतो, अर्धीच मात्रा देतो, दुधात औषधाचा अंश उतरतो, जंतू औषधाला दाद देईनासे होतात. मग हात शिकविणे धोक्याचेच नाही का?

हाताच्या चुकीची किंमत कुठवर जाऊ शकते, हे आपल्या रानांनीच पाहिले आहे. १९९० च्या दशकात भारतातली गिधाडे झपाट्याने नाहीशी होऊ लागली. काही जाती शेकडा पंचाण्णवहून अधिक घटल्या. २००४ साली कारण उघड झाले. गुरांच्या सुजेवर, दुखण्यावर दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध. औषध दिलेले जनावर लगेच मेले आणि गिधाडांनी ते खाल्ले, की त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. २००६ साली भारतात जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. मेलॉक्सिकॅम हा सुरक्षित पर्याय सापडला. गडचिरोलीत वनविभागाने उरल्यासुरल्या गिधाडांसाठी सुरक्षित मृत जनावरांची 'उपाहारगृहे' चालविली. एका गोठ्यातली पिचकारी आणि आकाशातले गिधाड यांचा असा संबंध आहे. त्या काळी हे औषध देताना पदवीधरालाही याची कल्पना नव्हती, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पण आज ती कल्पना आहे. मग ती प्रत्येक सुई धरणाऱ्यापर्यंत पोचायला नको का?

तेव्हा आक्षेपाचे उत्तर हात बांधून ठेवणे हे नव्हे. गावात कुणीतरी औषध देणारच. शिकविलेला दिला नाही तर न शिकलेला देईल. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम १९८४ चा आहे. नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली व मार्गदर्शनाखाली पदविकाधारकाने लसीकरण, खच्चीकरण, जखमांची मलमपट्टी अशा 'किरकोळ सेवा' द्याव्यात, अशी सोय त्यात आहे. ही रेषा योग्यच आहे. निदान, शस्त्रक्रिया, प्रतिजैविकांची निवड हे पशुवैद्यकाचे काम. मात्र कायद्यातला 'देखरेख' हा शब्द प्रत्यक्षात उतरला पाहिजे. पशुवैद्यक एका गावी आणि सहायक दुसऱ्या गावी, महिन्यातून एकदा कागदावर सही, याला देखरेख म्हणता येणार नाही.

माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, प्रत्येक शिकाऱ्याजवळ कौशल्यांची वही असावी. इतकी तापमाने, इतक्या नाड्या, इतकी मलमपट्टी, इतके लसीकरण. आधी पाहिले, मग मदत केली, मग वरिष्ठांसमोर स्वतः केले, अशा तीन रकान्यांत. तिसरा रकाना भरल्याशिवाय एकट्याने ते काम करायचे नाही. दुसरी, त्या वहीत चुकांसाठीही एक पान असावे, आणि चूक लिहिणाऱ्याला शिक्षा होऊ नये. चूक लपविली की ती दुसऱ्या गोठ्यात पुन्हा होते. तिसरी, हे शिक्षण मुलींसाठीही तितकेच खुले असावे. शेळ्या-कोंबड्या बहुतेक घरांत बायकाच सांभाळतात. राज्यात 'पशुसखी' म्हणून गावातल्या स्त्रियांनी शेळ्यांची प्राथमिक देखभाल करण्याचे काम सुरू झाले आहे, त्याला नियमित, दवाखान्यातल्या सरावाची जोड हवी.

शाळेत काय करता येईल?

शिक्षक बंधुभगिनींनो, आपल्या विद्यार्थ्यांपैकी सर्वच काही पशुवैद्यक होणार नाहीत. पण मोजून पाहण्याची सवय सर्वांनाच हवी, आणि कोरपन्यासारख्या ठिकाणी तिच्यासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. मालकाची परवानगी घेऊन, जनावराला हात न लावता, दोन-तीन मीटर अंतरावरून पुढील प्रयोग करता येतील.

सावलीत बसलेल्या गाईच्या भकाळीची हालचाल पाहून मिनिटाला श्वास मोजा. सकाळी मोजा, दुपारी मोजा, उन्हात बांधलेल्या आणि सावलीत बांधलेल्या जनावराची तुलना करा. आठ दिवसांचे आकडे आलेखावर मांडा. रवंथ करताना एका घासाला गाय किती वेळा चावते ते मोजा. बहुधा ४० ते ७० वेळा भरेल. कोरडा कडबा खाल्लेल्या आणि हिरवा चारा खाल्लेल्या गाईत फरक पडतो का? दोघांनी एकाच वेळी मोजावे आणि आकडे जुळतात का पाहावे. न जुळले तर का, यावर वर्गात बोलावे. घरी आल्यावर हात साबणाने धुवावेत. १८४७ साली व्हिएन्नातल्या सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना हात धुवायला लावले आणि प्रसूतिगृहातले मृत्यू झपाट्याने खाली आले. तरी पुष्कळांनी त्यांची थट्टाच केली. हात धुणे आज थट्टेचा विषय राहिलेला नाही, पण गोठ्यातून आल्यावर आपण खरोखर धुतो का, हे ज्याचे त्याने पाहावे.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आपल्याकडे बैलांचे खांदे तूप-हळदीने चोळतात. या वर्षी ते करताना खांद्यावरून बोटे सावकाश फिरवा. कुठे गरम लागते का? कुठे गाठ, कुठे मऊ सूज? डावा आणि उजवा खांदा सारखा लागतो का? जू घासून झालेली सूज डोळ्यांना दिसण्याआधी बोटांना कळते. ती कळली तर घरातल्या मोठ्यांना सांगा, आणि बैलाला चार दिवस जुवाखाली घालू नका म्हणावे.

त्या फुगलेल्या बैलाकडे पुन्हा जाऊ. त्याच्या पोटात पोकळ सुई, म्हणजे ट्रोकार घालण्याची वेळ येईल की नाही, हे ठरवणारा माणूस आज कोणत्या तरी शाळेत आठवीत किंवा नववीत बसलेला आहे. त्याला टिचकीचा अर्थ, सुईची जागा आणि थांबण्याची वेळ, या तिन्ही गोष्टी कुणीतरी समोर उभे राहून शिकवावयास हव्यात. ते काम आपले आहे, आणि त्यासाठी पुढच्या पावसाळ्याची वाट पाहण्याचे कारण नाही.